फेस

जेवणं होऊन तास उलटला तरी भांडी तशीच पडून होती. सुलाबाई असत्या तर कुशाऱ्यांच्या घरात असं घडलं नसतं. पण सुलाबाईंनाच जाऊन आज महिना झाला होता, आणि भांडी मुद्दाम ठेवली होती. महिन्याच्या जेवणाला केलेल्या खिरीचं पातेलं, भज्यांची कढई, आमटीचा टोप असा सगळा ऐवज इंदिरानगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ओट्यावर ओळीनं मांडला होता. परीक्षा भांड्यांची नव्हती, पुडीची होती.

चार वाजता मुंबईहून फलक मॅडमचा फोन यायचा होता. त्यांच्या कंपनीची सेंद्रिय मालाची दुकानं मुंबई-पुण्यात होती आणि त्या दुकानांत ठेवायला त्यांना 'सुलाबाईंची पूड' हवी होती. भांडी घासायची पूड. रिठा, शिकेकाई, लिंबाच्या वाळक्या साली आणि बाभळीची राख. बाकी काही नाही, असं पाकिटावरच लिहिलेलं होतं. त्याखाली 'कोणालाही अपाय नाही' आणि वर सुलाबाईंचा पदर सावरतानाचा फोटो. दर महिन्याला तीन हजार पाकिटं. सहा वर्षांपूर्वी काढलेल्या 'निर्मळ' या दुकानातून एवढी पाकिटं वर्षभरातही जात नव्हती. हा माल गेला तर दुकान राहणार होतं. नाही गेला तर दिवाळीनंतर गाळा रिकामा करायचा आणि सुलाबाईंच्या मुलानं, रवी कुशारेनं, पंचेचाळिसाव्या वर्षी अंबडच्या ज्या कारखान्याला ऐटीत रामराम ठोकला होता, त्याच्याच फाटकाशी पुन्हा जाऊन उभं राहायचं, हे ठरल्यासारखं होतं.

अडचण एकच होती. पूड करणारी बाई गेली होती आणि कृती कुठंच लिहिलेली नव्हती.

तसं दुकान चांगलं होतं. बांबूचे दात घासायचे ब्रश होते. ते इतक्या लांबून यायचे की वाटेत त्यांना इजा होऊ नये म्हणून प्रत्येकाला तीन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या असत. उसाच्या चोथ्याच्या ताटल्या होत्या. निफाडचा ऊस गुजरातेत जाऊन, ताटली होऊन, शिकूनसवरून आल्यासारखा परत यायचा. काथ्याच्या घासण्या होत्या, घाण्याचं तेल होतं. गिऱ्हाइकं यायची, एकेक वस्तू हातात घेऊन पृथ्वीबद्दल हळहळायची आणि शेवटी पुडीचं पाकीट घेऊन जायची. कारण साधं होतं. बाकी सगळ्या सेंद्रिय पुडींचा फेस तेल दिसलं की मान टाकायचा. सुलाबाईंच्या पुडीचा टिकायचा.

*

गच्चीवर पोचल्यावर कुसाबाईनं पहिलं काय केलं असेल तर बोट ओलं करून हवेत धरलं.

"इकडं पाठ कर," ती उज्वलाला म्हणाली. कुसाबाई म्हणजे सुलाबाईंची पाठची बहीण. पूड करून द्यायला सकाळच्या एस.टी.नं चांदवडहून येताना रिठ्याचं गाठोडं तिनं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. "वारं पाठीशी पायजे. आमच्या आबांनी हेच शिकवलं आमाला. आमचा बाप काय मास्तर नव्हता, पन छडी होती त्याच्याकडं. रिठा चाळायचा तर उघड्यावर, वारं पाठीशी, तोंड मिटून. नायतर छातीत बसतो."

उज्वला पाठ फिरवून बसली. रवीची बायको म्हणून या घरात तिची अठरा वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची सहा तिनं बाल्कनीच्या बंद दाराबाहेर काढली होती.

"आई तर खालीच चाळायच्या. बाल्कनीत. काचा ओढून."

कुसाबाईचा चाळणीवरचा हात थांबला. "काचा ओढून? रिठा?"

"दारालाही आतून कडी. कृती गुप्त ठेवायची म्हणून."

"कशाची गुप्त? आमच्या गल्लीत शेंबड्या पोराला ठावं हाय ती."

"हे म्हणायचे, आईंना एकाग्रता लागते. दुकानाच्या भिंतीवर लिहिलंयसुद्धा मोठ्या अक्षरात. 'बंद दारामागे, मौनात चाळलेली'."

"मौनात? आक्का?" कुसाबाई हसली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. "आगं, ती झोपंतबी बोलायची. लग्नाआधी एका वाकळंत झोपायचो आमी, मला इचार."

उज्वलानं चाळणी स्वतःकडं ओढली. त्या दाराआड मौन नव्हतं हे तिला माहीत होतं. खोकला होता. गेल्या पावसाळ्यात तो वाढला तेव्हा ती दोनदा दारापाशी गेली होती. "आई, येऊ का मदतीला?" असं तिनं विचारलं होतं आणि आतून "तू नको, तू जा" एवढंच आलं होतं. सुनेपासून लपवायचं असेल तर लपवा, असं मनाशी म्हणून ती परत आली होती. एकदा मालिका लागली होती. खोकल्यात संवाद ऐकू येईनात, म्हणून तिनं टीव्हीचा आवाज वाढवला होता.

हे तिनं अजून कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

*

परीक्षा साडेतीनला झाली. रवीनं स्वतः बाह्या सरसावल्या. त्याची बहीण निकिता निफाडच्या शाळेत शास्त्र शिकवायची. ती प्रयोगाला उभं राहावं तशी शेजारी उभी राहिली. वडील, भिमाजी, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नसे. ते कुणाला काही सांगतही नसत.

रवीनं काथ्याच्या घासणीवर पूड घेतली. पाणी शिंपडलं. फेस आला.

"आला!" निकिता म्हणाली.

रवीनं घासणी कढईला लावली. फेसानं कढईतलं तेल पाहिलं आणि तो गेला. कढईत करडा चिखल उरला.

"राख जास्त झाली," रवी म्हणाला.

"राखंला नावं ठिवू नको," कुसाबाई म्हणाली. "राख बाभळीची हाय. चाळून आनलीय."

"मग रिठा जुना असेल."

"रव्या, तू जुना असशील. रिठा यंदाचा हाय."

दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा साली वाढवून केलं. खिरीचं पातेलं कसंबसं निघालं. कढईनं दाद दिली नाही. घड्याळात पावणेचार झाले. आता ज्याला त्याला काहीतरी चूक हवी होती, आणि चूक माणसाच्या अंगावर घातली की बसते चांगली.

"माप कोणी घेतलं?" रवीनं विचारलं.

"मी," उज्वला म्हणाली. "मावशींनी सांगितलं तसं."

"आईच्या हाताखाली सहा वर्षं होतीस. तुला मावशीनं सांगावं लागतं?"

"हाताखाली? मी दाराबाहेर होते. भिंतीवर तुम्हीच लिहिलंय."

"वहिनी," निकिता हळू आवाजात म्हणाली. वर्गात पेपर फुटल्यावर ती याच आवाजात बोलत असे. "आईनं तुला सांगितलं असणारच. शेवटी घर तुझ्याच हातात होतं. कुठं लिहून ठेवलं असशील, तर आत्ता सांग. नंतर सांगून उपयोग नाही."

"म्हणजे मी लपवतेय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस तू. तू अठरा दिवस आईंपाशी दवाखान्यात होतीस. तुला नाही सांगितलं त्यांनी?"

"तिच्या नाकाला नळी होती, वहिनी! ती काय रिठ्याचं माप सांगत बसणार होती?"

"पोरीवर नका घसरू रे," कुसाबाई मध्ये पडली. जेवायच्या आधी खिरीतल्या वेलदोड्यावरून ती उज्वलाला लागेल असं बोलली होती. ते ती आता विसरली होती. "सकाळधरनं राबतीय ती. गच्चीवर तिचं तोंड पाह्यलंय म्या."

"मावशी, तू थांब. तुला काय कळतं त्यातलं? माझं दुकान जातंय," रवी म्हणाला आणि उज्वलाकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आईनं माझ्यासाठी जीव टाकून केलं. आणि तुला साधं बघून ठेवता आलं नाही."

उज्वलानं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली आणि पुन्हा ओट्यावर ठेवलं.

"तिला बोलू नको," दाराजवळून आवाज आला. "तिला माहीत नाही. मला माहीत आहे."

*

भिमाजींनी हे शब्द मनात बरेचदा जुळवून पाहिले होते. दहाव्याला गोदावरीच्या पाण्यात उभं असताना सांगावं असं वाटलं होतं, तेव्हा भटजींनी दुसरंच काही म्हणायला सांगितलं. तेराव्याला माणसं होती. बायकोला दिलेला शब्द ती गेल्यावर किती दिवस पाळायचा असतो, हे कुठल्या पुस्तकात सापडेना. आज पोरगा सुनेला बोलला आणि त्यांना वाटलं, एवढे दिवस पुरे झाले.

"त्यात सुटी पावडर असायची," ते म्हणाले.

"कसली सुटी पावडर?"

"कपड्याची. खाली रहेमानकडं पोत्यात असते ती. पंधरा वाट्या पुडीला एक वाटी. दर गुरुवारी मी आणायचो."

 नळ नीट बंद झालेला नव्हता; तो ठिबकत होता.

"पहिल्या महिन्याची पूड तिनं गच्चीवरच केली होती. आबांनी शिकवली तशी. चोख. अकरा पाकिटं परत आली, आठवतं रवी? एक बाई दुकानात कढई घेऊन आल्या होत्या. तू त्या दिवशी ताट सरकवून उठलास. ती तुला काही बोलली नाही. मला म्हणाली, अहो, रहेमानकडनं जराशी पावडर आणा, आणि हातात दिसेल अशी आणू नका. मी कारखान्यात न्यायचो त्या डब्यातून आणली." त्यांनी हातानं डब्याचा आकार दाखवला. "रहेमान म्हणायचा, भाऊ, तुमच्याकडं कपडे फार निघतात."

रवी हसला. हसण्यासारखं होतंच. ज्या माणसानं सहा वर्षं भरल्या दुकानात रसायनांवर भाषणं दिली, दोन शाळांत जाऊन मुलांना शपथ दिली, त्याच्या आईनं त्याचं दुकान पोत्यातल्या पावडरीवर उभं ठेवलं होतं. तो हसत राहिला आणि मग ओट्याला टेकला.

"मला का नाही सांगितलं, अण्णा?"

"ती म्हणाली, त्याला कळलं तर तो विकणार नाही. आणि विकलं नाही तर जेवणार नाही." भिमाजींनी हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "म्हटलं, अगं, हे बरोबर नाही. म्हणाली, पंधराला एकच तर वाटी आहे."

"लोकांना काय सांगू मी आता?"

 बोलली ती कुसाबाई, आणि तिचा प्रश्न निराळाच होता. ती भिमाजींच्या खुर्चीसमोर जमिनीवर येऊन बसली.

"दाजी, म्हनून काचा ओढून बसायची का ती?"

भिमाजींनी मान हलवली. "समोरच्या गच्चीवर बायका वाळवणाला येतात. पावडरीला निळे दाणे असतात, लांबून दिसतात. आणि दार उघडं राहिलं तर उज्वलाला दिसेल. म्हणाली, तिला यात नको. उद्या काही निघालं तर पोर म्हणेल मला माहीत नव्हतं, आणि ते खरं असायला हवं."

 उज्वलानं नळ घट्ट बंद केला.

"सा वर्सं," कुसाबाई म्हणाली. "कोंडून घिऊन रिठा चाळला तिनं. वर ती पावडर. दाजी, आबा वारं बघितल्याबगर चाळनीला हात लावू द्यायचा नाय. एकदा माळ्यावर बसून चाळला म्हनून तिला मारलं हुतं त्यानं. तिला ठावं हुतं. आक्काला पक्कं ठावं हुतं."

निकितानं भावाकडे पाहिलं. त्यानंही तिच्याकडे पाहिलं. दोघांना एकच खोली आठवत होती. दवाखान्यातली, हिरव्या पडद्याची. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला होता आणि विचारलं होतं, यांचं धुळीचं काम होतं का? गिरणी, दगडाची खाण, असं काही?

"तू काय म्हणालास, दादा, आठवतं?" हे तिला विचारायचं नव्हतं. तोंडून गेलं.

"आठवतं."

तो म्हणाला होता, "धूळ नाही डॉक्टर. सगळं सेंद्रिय आहे."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं होतं की नाही कोण जाणे. पुढच्या कागदावर 'कारण अज्ञात' असं आलं. घरानं ते कारण नंतर आपापल्या परीनं वाटून घेतलं होतं. रवीच्या मते रस्त्याच्या कामांची धूळ होती. निकिताच्या मते लहानपणीची चूल होती. भिमाजी रात्री जागे राहून आपल्या बिड्या मोजायचे, ज्या त्यांनी वीस वर्षांपूर्वी सोडल्या होत्या.

"मी खोकला ऐकला होता," उज्वला म्हणाली. तिचं तोंड भिंतीकडे होतं. "मी टीव्ही मोठा केला."

निकिता तिच्याजवळ गेली. पंधरा मिनिटांपूर्वी जे बोलली होती ते परत कसं घ्यायचं हे तिला कळेना, म्हणून तिनं वहिनीनं घडी करून ठेवलेलं फडकं हातात घेतलं आणि दोघी नुसत्याच उभ्या राहिल्या.

फोन वाजला. फलक मॅडम वेळेच्या पक्क्या होत्या.

*

रवीचे हात राखेनं भरलेले होते. त्यानं कोपरानं फोन ओट्यावर सरकवला आणि एका बोटानं स्पीकर लावला. त्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या मनात काय आलं, ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. खाली रहेमानचं दुकान उघडं होतं, हे मात्र नक्की आलं.

"हां रवीजी, बोला. कृतीचा कागद तयार आहे ना? आज साइन करून टाकू."

"मॅडम, आधी एक सांगायचंय. मागं पाठवलेल्या पुडीत कपड्याची पावडर होती."

पलीकडचा आवाज चढला. "व्हॉट? कोणी घातली?"

भिमाजी खुर्चीतून अर्धे उठले. रवीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मी," तो म्हणाला. "फेस टिकत नव्हता म्हणून मी घातली. आईला यातलं काही माहीत नव्हतं. आता जी पूड आहे तिच्यात काही नाही. पण तिला फेस नाही, मॅडम. म्हणजे येतो, तेल लागलं की जातो. कढई दोनदा घासावी लागते. तुम्हाला नको असेल तर मी समजू शकतो."

"एक मिनिट, एक मिनिट." कागद चाळल्याचा आवाज आला. "रवीजी, तुम्ही आज बोललात हे बरं केलंत. आमच्या लॅबनं तुमचं सँपल फेसावरूनच अडवलं होतं. मी आज तेच विचारणार होते. आता ऐका. झाग टिकत नाही ना? वो तो बेस्ट है! आमच्या कस्टमरला झाग नकोच असतो. झाग दिसला की ते शक घेतात, केमिकल आहे म्हणून फोटो काढून टाकतात. तुमची ओरिजनल होती, ती का बदललीत? मला तीच पाठवा. लॅबमध्ये पास झाली की पुढच्या महिन्यापासून सुरू. आणि प्लीज, परत काही मिक्स नका करू."

"नाही," रवी म्हणाला. "आता कोणी नाही करणार."

"डन मग. थँक यू, हां."

फोन बंद झाला. काच काळी झाली आणि तिच्यात ओट्यावरची ट्यूबलाइट दिसायला लागली. दुकान राहिलं होतं. हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं आणि कोणाचीच मान वर होईना. रवी नळाशी गेला, पण त्यानं हात धुतले नाहीत. राखेनं भरलेले हात पुढं धरून तो नुसताच उभा राहिला.

कुसाबाई अजून जमिनीवरच बसलेली होती. ते भरभर बोलणं, त्यातलं इंग्रजी, तिच्या कानावरून गेलं होतं. तिनं एकेकाचं तोंड पाहिलं आणि घाबरली.

"काय झालं? घेत नाय म्हनली का ती?"

"घेते म्हणाली, मावशी," निकितानं डोळे पुसत सांगितलं.

"मग रडता कशाला? दाजी, तुमी सांगा. काय म्हनली ती बाई?"

भिमाजी सावकाश खुर्चीत परत बसले.

"म्हणाली, पहिलीच बरी होती."